पिंपरीचे पेनिसिलिन आणि पाच वर्षांची गोळी

🧵 थ्रेड

१/ पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना बहुधा दोनच आरंभ निवडले जातात : मोरया गोसावींचे चिंचवड, नाहीतर दुचाकी-मोटारींचे कारखाने. या दोहोंच्या मधला तिसरा आरंभ औषधाचा आहे. स्तनाच्या कर्करोगावरील एका साध्या गोळीचा आजचा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर याच तिसऱ्या आरंभापासून निघावे लागते.

२/ १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेव्हा ना पिंपरी-चिंचवड नगरपालिका होती, ना एमआयडीसी. चाकणची ओळख तर भुईकोट किल्ला आणि कांद्याचा बाजार हीच होती.

३/ औषध देशातच बनले पाहिजे आणि ते सामान्यांना परवडले पाहिजे, हा या कारखान्यामागचा विचार. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिबसिंग सोखी हे या विचाराचे एक आग्रही पुरस्कर्ते होते. पिंपरीत संशोधनही झाले. १९६०च्या दशकात तिरुमलाचार यांच्या चमूने शोधलेल्या बुरशीरोधक ‘हॅमायसिन’च्या नावात कारखान्याचीच आद्याक्षरे आहेत.

४/ मात्र या साऱ्या रचनेच्या मुळाशी एक गृहीत होते : आजार जंतूंचा, औषध काही दिवसांचे. औषध बनले, स्वस्त झाले, दवाखान्यात पोहोचले की शासनाचे काम संपले. पेनिसिलिनपुरते हे गृहीत बरेचसे खरे होते. पाच पाच वर्षे रोज घ्यायच्या गोळीसाठी ते अपुरे ठरते.

५/ त्या गोळीचा इतिहास १८९६ पर्यंत मागे जातो. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रियांच्या बीजकोशांची शस्त्रक्रिया केली आणि काहींच्या गाठी ओसरल्याचे नोंदवले. ‘संप्रेरक’ ही संकल्पनाच अजून रूढ व्हायची होती. कार्य दिसले, कारण कळायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

६/ कारण असे : स्तनाच्या अनेक कर्करोगांच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन ग्रहण करणारे ग्राहक असतात आणि त्या संप्रेरकावर त्या पेशी पोसल्या जातात. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी या ग्राहकांचा छडा लावला. ज्या गाठीत हे ग्राहक नाहीत, तिच्यावर संप्रेरकरोधक गोळी चालत नाही. म्हणून गाठीची ही तपासणी निर्णायक असते.

७/ १९६२ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी एक संयुग तयार केले. शोध चालला होता गर्भनिरोधकाचा आणि त्या कामी हे संयुग निरुपयोगी ठरले. कर्करोगाच्या औषधाला बाजार मिळेल, याची व्यवस्थापनाला खात्री नव्हती. आर्थर वॉलपोल यांनी चिकाटी सोडली नाही. तेच टॅमॉक्सिफेन. १९७३ मध्ये ब्रिटनने आणि १९७७ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

८/ टॅमॉक्सिफेन पेशीतील ग्राहक अडवून धरते. अँजेला ब्रोडी यांनी वेगळी दिशा धरली. रजोनिवृत्तीनंतर बीजकोश इस्ट्रोजेन बनवणे थांबवतात, तरी शरीरातून ते नाहीसे होत नाही. चरबी, स्नायू अशा ठिकाणी ‘अरोमाटेज’ हे विकर अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या संप्रेरकांपासून ते बनवतच राहते. ते विकरच अडवले तर?

९/ अरोमाटेजरोधक औषधे रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी विशेष उपयोगी ठरली, ती यामुळे. बीजकोश कार्यरत असताना ती एकटी पुरत नाहीत. १९९५ मध्ये अ‍ॅनास्ट्रोझोल आणि १९९७ मध्ये लेट्रोझोल या गोळ्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली.

१०/ लाभ किती? ऑक्सफर्डच्या समन्वयाने जगभरच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले. ग्राहक असलेल्या कर्करोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पहिल्या पंधरा वर्षांतील स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. रजोनिवृत्तीनंतर अरोमाटेजरोधकांचा लाभ त्याहूनही काहीसा अधिक दिसला. या वाक्यातले ‘पाच वर्षे’ हे शब्द विसरता कामा नयेत.

११/ आता भारताकडे. १९११च्या वसाहतकालीन पेटंट कायद्याखाली औषधाच्या रेणूवरच मक्तेदारी मिळत असे. १९६०च्या सुमारास अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीने नोंदवले की, काही प्रतिजैविकांच्या किमती भारतात जगातील सर्वाधिक किमतींपैकी होत्या. गरीब देश, महाग औषध!

१२/ राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९च्या अहवालाच्या आधारे १९७०चा पेटंट कायदा आला आणि १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, केवळ तो बनवण्याच्या प्रक्रियेवर. वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनवण्याची मुभा भारतीय कंपन्यांना मिळाली. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल येथे स्वस्त झाली, ती या वाटेने.

१३/ यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला : ही तर नक्कल. पण जो कायदा देशाने संसदेत उघडपणे केला, त्यानुसार केलेले उत्पादन चोरी ठरत नाही. अनेक युरोपीय देशांनीही आपला औषधउद्योग उभा राहीपर्यंत औषधी रेणूंवर पेटंट दिले नव्हते.

१४/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : या गोळ्या स्वस्त केल्या खासगी कंपन्यांनी. पिंपरीच्या कारखान्याची ओळख प्रतिजैविकांची, मग श्रेय त्याला कसे? श्रेय उत्पादनाचे नाही, पायंड्याचे आहे. आधुनिक औषध भारतात मोठ्या प्रमाणावर बनू शकते, हे पिंपरीने प्रत्यक्ष करून दाखवले होते. त्या अनुभवाविना १९७०चा कायदा कागदावरच राहण्याचा धोका होता.

१५/ कायद्यातील एक तारीख काय करू शकते, हेही पाहण्याजोगे आहे. जागतिक व्यापार करारानंतर १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधी रेणूंवर पुन्हा पेटंट मिळू लागले, तेही १९९५ नंतरच्या अर्जांसाठी. लेट्रोझोल त्याआधीचे, म्हणून मोकळे. कर्करोग पसरलेल्या स्त्रियांना लेट्रोझोलसोबत दिले जाणारे रिबोसिक्लिब नंतरचे, म्हणून पेटंटबद्ध.

१६/ २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयात एका रुग्ण स्त्रीने याच रिबोसिक्लिबसाठी दाद मागितली. औषधाचा खर्च महिन्याला ५० हजार रुपयांहून अधिक होता. प्रकरण प्रलंबित असतानाच तिचा मृत्यू झाला. न्यायालयाने विषय पुढे चालू ठेवला. एकाच आजारावरील दोन गोळ्यांच्या किमतींत एवढे अंतर पडले, त्यात या तारखेचा वाटा मोठा आहे.

१७/ म्हणजे स्वस्ताई आपोआप आलेली नाही. ती १९५४ आणि १९७०च्या निर्णयांनी घडवलेली आहे. औषधांचा इतिहास सांगणारे बहुतेक जण येथे पूर्णविराम देतात. तो येथे देणे चूक आहे, कारण गोळी स्वस्त होणे आणि ती पाच वर्षे पोटात जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

१८/ जगभरच्या अभ्यासांत लक्षणीय संख्येने स्त्रिया ही गोळी मुदतीआधीच सोडताना दिसतात. अरोमाटेजरोधकांनी सांधे दुखतात, सकाळी बोटे आखडतात, हाडे ठिसूळ होतात. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात सुटे भाग जोडणाऱ्या, तपासणाऱ्या, पॅक करणाऱ्या स्त्रीचे सारे काम बोटांचे. गोळी घ्यावी तर हात चालत नाही, सोडावी तर आजार परतण्याची भीती!

१९/ शिवाय वयाचा हिशेब पाहावा. भारतात रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७च्या सुमारास येते. रजोनिवृत्तीनंतर लगेच आजार झाला, तर गोळीची पाच वर्षे (काहींना त्याहून अधिक) नोकरीच्या अखेरच्या दशकातच पडतात. १९४८च्या कायद्याने आलेली कामगार राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, कर्करोगात विस्तारित आजारपण लाभ देते. वेतनभरपाईचा हा लाभ मोलाचा आहे, पण त्याची कमाल मुदत दोन वर्षे. आजाराचे घड्याळ आणि नियमाचे घड्याळ जुळत नाही.

२०/ किमान पाच वर्षे विमाकृत नोकरी करून वयोमानाने निवृत्त झालेल्यांना नाममात्र वर्गणीत ईएसआयचे उपचार मिळत राहतात. कंत्राटी कामगार स्त्रीचे काम मात्र मध्येच सुटते, कंत्राटदार बदलतो, वर्गणी खंडित होते आणि काही काळाने हक्कही संपतो. गोळीची किंमत तेव्हाही तीच असते. तुटतो तो दवाखान्याशी असलेला धागा.

२१/ डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची देणी भागवण्यासाठी तिची अतिरिक्त जमीन विकण्यास मान्यता दिली. पिंपरीच्या औषध-इतिहासाचे मूल्य जमिनीच्या भावात मोजले जात असताना, तो इतिहास काय शिकवतो हे विचारणे हा निव्वळ स्मरणरंजनाचा प्रकार राहत नाही.

२२/ तो हेच शिकवतो, की काळाच्या गरजेनुसार शासनाने संस्था उभारायच्या असतात. १९५४ची गरज कारखान्याची होती, आजची पाठपुराव्याची आहे. ईएसआय आणि महापालिकेच्या दवाखान्यांत एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या, हाडांची तपासणी, सांधेदुखीची आपुलकीने चौकशी, गोळी न्यायला न आलेल्या स्त्रीला फोन.

२३/ आणि सर्वांत महत्त्वाचे : उपचार सुरू असताना नोकरी गेली, तरी संप्रेरक उपचाराची मुदत पूर्ण होईपर्यंत विम्याचा हक्क अबाधित ठेवणारी तरतूद. त्रास असह्य झाल्यास डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. पण त्यासाठी ती स्त्री डॉक्टरांपर्यंत पोहोचली पाहिजे. यांपैकी कशालाही नवा रेणू लागत नाही.

२४/ इतिहासाच्या अभ्यासकांसाठीही येथे काम आहे. बीटसन, रिचर्डसन, ब्रोडी यांच्या नोंदी ग्रंथालयांत सापडतात. पाच वर्षे रोज एक गोळी घेऊन शिफ्ट सांभाळणाऱ्या स्त्रियांची नोंद कोणत्या दप्तरात आहे? पिंपरीच्या एच.ए. कॉलनीतील जुन्या कामगारांच्या आठवणी आणि या स्त्रियांचे अनुभव, दोन्ही त्यांच्या संमतीने आत्ताच नोंदवले गेले पाहिजेत. औषधाच्या इतिहासाचा हा भाग अद्याप लिहायचा राहिला आहे.

(समाप्त)