यंत्राने वाचवलेला वेळ कोणाचा?

मुंबईच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला पंचतारांकित हॉटेलांत हाऊसकीपिंग करणाऱ्या महिला भेटतात. बहुतेक जणी कंत्राटदाराकडे कामाला. जड गादी उचलून चादर खोचायची, वाकून टब घासायचा, लिननने भरलेली ट्रॉली गालिच्यावरून ढकलायची. एक खोली झाली की लगेच दुसरी. कंबर आणि खांदे आधी जातात. अशा कामात यंत्र येत असेल तर आम्ही त्याचे स्वागतच करू.

पण 'ऑटोमेशन' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली ओझे कमी करते: मोटर लावलेली ट्रॉली, कॉरिडॉर झाडणारा रोबोट. दुसरी कामगारावर नजर ठेवते: कोणती खोली आधी करायची ते मोबाईलवर सांगणारे आणि प्रत्येक खोलीला लागलेली मिनिटे मोजणारे ॲप. पाहुणा लवकर येणार म्हणून ॲप बाईला सातव्या मजल्यावरून बाराव्यावर पाठवते, पुन्हा सातव्यावर आणते. त्या फेऱ्यांचे श्रम कुठेच मोजले जात नाहीत.

यंत्र माणसाला सरसकट हटवेल, ही भीती आज तरी खरी नाही. जपानमधील नागासाकी प्रांतात 2015 साली रोबोटांनी चालवलेले 'हेन-ना' हॉटेल सुरू झाले. 2019 पर्यंत तिथल्या 243 रोबोटांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकावे लागले. खोलीतला रोबोट घोरण्याला प्रश्न समजून पाहुण्यांना उठवत असे! धोका वेगळाच आहे. यंत्राने दहा मिनिटे वाचवली, तर ती बाईला विश्रांती म्हणून मिळणार, की तिच्या माथी आणखी एक खोली मारली जाणार?

अमेरिकेतील हॉटेल कामगारांनी हा प्रश्न कराराच्या टेबलावर नेला. 2018 साली मॅरियटच्या सुमारे 7,700 कामगारांनी आठ शहरांत संप केला. त्यांच्या मागण्यांत नव्या तंत्रज्ञानाची आगाऊ सूचना आणि प्रशिक्षणही होते. लास व्हेगासच्या क्युलिनरी युनियनने 2023 च्या करारात रोज खोली साफ करण्याची अट आणि कामाचा बोजा कमी करण्याची तरतूद मिळवली. तंत्रज्ञानामुळे नोकरी गेल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 2,000 डॉलर भरपाईही ठरली. ही मॅनेजमेंटची मेहेरबानी नव्हती, संघटनेची ताकद होती.

आपल्याकडे कायदा अगदीच कोरा नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम 9-अ नुसार, कपात होऊ शकेल असा तांत्रिक बदल करण्यापूर्वी कामगारांना 21 दिवसांची नोटीस द्यावी लागे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद कायम आहे. पण कंत्राटी बाईचा कागदोपत्री मालक कंत्राटदार, आणि यंत्र आणणारे हॉटेल. मग नोटीस कोणी द्यायची? मुळात खोली साफ ठेवणे हे हॉटेलचे मुख्य काम नाही, असे म्हणायचे तरी कसे?

बाबासाहेबांनी 1945 मध्ये गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली होती. दोष यंत्राचा नसून, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. माणसाला फुरसत मिळाल्याशिवाय तो सुसंस्कृत जीवन जगू शकत नाही, हेही त्यांनी मांडले. साफसफाईचे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला लादले गेले, त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. यंत्र येऊ द्या, पण ते येण्याआधी कंत्राटी महिलांसह सर्वांशी बोलणी करा. एका पाळीत किती खोल्या, याची मर्यादा लिहून द्या. ॲपमधल्या नोंदी दंडासाठी वापरू नका. आणि वाचलेल्या वेळातला वाटा त्या बाईच्या कंबरेला मिळू द्या. आपल्या घरातली, शेजारची कोणी या कामाला जात असेल, तर आजच तिला विचारा: पाळीला खोल्या किती, आणि यंत्र आल्यापासून त्या वाढल्या की कमी झाल्या? संघटनेची पहिली बैठक याच प्रश्नावर होऊ शकते.