मेकॉलेवर भांडण, वर्गातल्या इंग्रजीबद्दल मौन

१७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत रामनाथ गोएंका व्याख्यानात पंतप्रधानांनी मेकॉलेचा विषय काढला. २०३५ मध्ये मेकॉलेच्या धोरणाला दोनशे वर्षे होतील, तोवरच्या दहा वर्षांत देशाने त्याने रुजवलेल्या गुलामीच्या मानसिकतेतून बाहेर पडावे, असे त्यांचे आवाहन होते. आपला विरोध इंग्रजी भाषेला नाही, भारतीय भाषांना आपला पाठिंबा आहे, असेही ते म्हणाले. त्याआधी जूनमध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी, या देशात इंग्रजी बोलणाऱ्यांना लवकरच लाज वाटेल, अशा अर्थाचे विधान केले होते. दोन्ही वेळी आमच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर दोन-तीन दिवस धुराळा उडाला. मेकॉले नसता तर आपण शिकलोच नसतो, असे एक बाजू म्हणाली. इंग्रजांचे कौतुक किती दिवस करायचे, असे दुसरी म्हणाली. नेहमीप्रमाणे तिसऱ्या दिवशी विषय बदलला.

आम्ही काही जण वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग चालवतो. सहावी ते नववीची मुले येतात. काही नगरपरिषदेच्या शाळेतली, काही जवळच्या स्वस्तातल्या 'कॉन्व्हेंट'मधली. या वादात आम्हाला जे दिसते ते दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात कुठे सापडत नाही, म्हणून हे लिहितो आहोत.

आधी मेकॉलेचे मिटवून टाकू. २ फेब्रुवारी १८३५ च्या त्याच्या टिपणात संस्कृत आणि अरबी ग्रंथांबद्दल जी तुच्छता आहे, ती सगळेच सांगतात. पण त्याच टिपणात तो हेही मान्य करतो की सरकारच्या तुटपुंज्या पैशात सगळ्या जनतेला शिकवणे शक्य नाही, म्हणून मधला एक वर्ग तयार करायचा आणि ज्ञान त्याच्यामार्फत खाली पोहोचवायचे. यालाच पुढे झिरपणीचा सिद्धांत म्हटले गेले. आणि हे झिरपले का, याचा हिशेब सर्वांत आधी मांडणाऱ्यांत महात्मा फुले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी सांगितले की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, तो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, आणि वर शिकलेल्यांनी ते खाली काही येऊ दिलेले नाही. त्यांची मागणी प्राथमिक शिक्षणाची होती. हे निवेदन त्यांनी इंग्रजीत दिले होते. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे, हे आपल्याला माहीत आहेच. म्हणजे फुले दांपत्याला इंग्रजी हवी होती आणि मेकॉलेची वाटणी नको होती. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, एवढे साधे भान आजच्या चर्चेत नाही.

चंद्रभान प्रसाद २५ ऑक्टोबरला मेकॉलेचा वाढदिवस साजरा करत आले. २०१० मध्ये लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावात त्यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी झाली. देवीच्या हातात लेखणी आणि पायाखाली संगणक. त्यामागचा उपरोध आम्हाला कळतो आणि त्यातली भूकही कळते. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला आणखी एक देवी कशाला, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी अडचण उरते. देवीपुढे हात जोडून इंग्रजी येत नाही. ती कशी येते, हा प्रश्न शिकवण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रात रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्या वेळी मराठी संपेल म्हणून मोठा विरोध झाला. बहुजनांच्या पोरांनी इंग्रजी शिकू नये असे ज्यांना वाटत होते, त्यातल्या कित्येकांची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात होती, हेही तेव्हा बोलले गेले. आम्ही आजही त्या निर्णयाच्या बाजूने आहोत. मात्र पंचवीस वर्षांनी हाती काय आले ते बघायला हवे. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची ग्रामीण मुले-मुली तपासली गेली. त्यांच्यापैकी ५७.३ टक्क्यांना इंग्रजीतली साधी वाक्ये वाचता आली. ज्यांना वाचता आली त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांशांनाच अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरातली जेमतेम बेचाळीस. हा आकडा देशभरातला आहे, एकट्या महाराष्ट्राचा नाही. पण वाचता येते आणि कळत नाही, ही मुले आमच्या वर्गात रोज समोर बसलेली असतात.

एक प्रसंग सांगतो. सेमी इंग्रजीत सातवीला असलेल्या एका मुलीला आम्ही 'इव्हॅपोरेशन' म्हणजे काय विचारले. तिने डोळे मिटून व्याख्या म्हटली, एक शब्द चुकला नाही. मग विचारले, सकाळी विहाराची फरशी धुतली होती, आता कोरडी कशी? ती गप्प. मराठीत सांग म्हटल्यावर लगेच म्हणाली, "उन्हानं वाळली, पाणी वाफ होऊन गेलं." बाष्पीभवन तिला येत होते. इव्हॅपोरेशनही येत होते. दोन्ही एकच आहे, हे तिला शाळेत कुणी सांगितले नव्हते. आणि ही हुशार मुलगी आहे, वर्गात पहिल्या पाचात असते.

'कॉन्व्हेंट'मधल्या मुलांचे आणखी वेगळे. ती फाडफाड वाचतात, 'मे आय कम इन' न विचारता आत येत नाहीत, आणि काल काय केले ते चार वाक्यांत इंग्रजीत सांगता येत नाही. मराठीतही लिहिता येत नाही. त्यांच्या फीसाठी आईबाप बचतगटाचे कर्ज काढतात. एका आईने आम्हाला सांगितले, "दादा, मले तर सहीच येते फक्त. पोरीले इंग्रजी आलं पाह्यजे." या वाक्यापुढे मातृभाषेतून शिक्षणाचे तत्त्वज्ञान सांगायची आमची हिंमत होत नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे. तिला जे विकले गेले आहे ते चूक आहे.

पद्धतीकडे येऊ. आपल्याकडे इंग्रजी शिकवण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे व्याकरण आणि भाषांतर. नियम पाठ करा, शब्द पाठ करा, वाक्याचे भाषांतर करा. पुढे वाक्यरचनांचे साचे घोकून घेण्याची पद्धत आली, त्यानंतर संवादावर भर देणारी आली. पाठ्यपुस्तके बदलत गेली, त्यांत चित्रे आणि संभाषणे आली. वर्गात मात्र बहुतेक ठिकाणी एकच रीत उरली आहे: शिक्षक धडा वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, गाइडमधली उत्तरे फळ्यावर येतात, मुले उतरवून घेतात. याला भाषांतर पद्धतही म्हणता येणार नाही, कारण भाषांतर मुले करतच नाहीत. ते गाइडवाल्याने केलेले असते.

इथे बाबासाहेबांचे उदाहरण आपण नेहमी देतो, पण ते नीट देत नाही. चरित्रकारांनी नोंदवले आहे की रामजीबाबांनी लहानग्या भीमरावाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. म्हणजे ज्यांच्या इंग्रजीचे आपण गोडवे गातो, त्यांचा पाया आज मागास ठरवलेल्या भाषांतराच्या पद्धतीनेच घातला गेला. मग फरक कुठे पडला? शेजारी बसून प्रत्येक शब्द मराठीशी ताडून घेणारा, स्वतः लष्करी शाळेत शिकवलेला बाप होता. आमच्या वस्तीतला बाप रात्री आठला कामावरून येतो. म्हणून 'बाबासाहेब शिकले तसे शिका' असे पोरांना सांगून मोकळे होणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. घरातले ते शेजारी बसणे कुणीतरी भरून काढले पाहिजे. शाळा ते करत नसेल तर समाजाने.

आणि मराठीचा आधार घेणे म्हणजे कमीपणा, हे खूळ आधी डोक्यातून काढायला हवे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दोन ब्राह्मण भिक्खूंची कथा आहे. बुद्धवचन छंदात, म्हणजे वेदांच्या भारदस्त भाषेत घालावे, असे त्यांनी सुचवले. बुद्धांनी त्यांना खडसावले आणि धम्म ज्याच्या त्याच्या भाषेत शिकण्याची मुभा दिली. या वचनाच्या अर्थावर विद्वानांत वाद आहेत, ते असोत. पण आपला शास्ता कळण्याला भारदस्तपणाच्या वर ठेवतो, आणि आपण पोराने मराठीत प्रश्न विचारला म्हणून दंड करणाऱ्या शाळेला फी भरतो, हे खटकते.

पद्धतीचा दुसरा टोकाचा प्रयोगही आपल्याच देशात झाला आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर, मद्रास परिसरातल्या साध्या शाळांत इंग्रजीचे वेगळे वर्ग चालवले. व्याकरण शिकवायचे नाही, पाठांतर नाही. मुलांना इंग्रजीतून सोडवायचे काम द्यायचे: रेल्वेचे वेळापत्रक वाचून गाडी ठरवा, नकाशावरून रस्ता सांगा. एक काम शिक्षक सगळ्यांबरोबर सोडवतो, तसेच दुसरे मुलाने एकट्याने सोडवायचे. लक्ष अर्थावर गेले की भाषा मागून येते, हा त्यामागचा विचार. जगभरच्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासात या प्रयोगाचे नाव घेतले जाते. आपल्या शाळांत तो फारसा पोहोचला नाही, आणि त्याचे कारण सरळ आहे: त्याला स्वतः इंग्रजीत मोकळेपणी बोलणारा शिक्षक लागतो आणि वर्गात मुले कमी लागतात.

आम्ही दोन्हींची सरमिसळ करतो. आमचे पुस्तक 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. बाबासाहेबांच्या या छोट्या आत्मपर लेखनात सहा प्रकरणे आहेत, भाषा सोपी, वाक्ये लहान. पहिल्या प्रकरणात १९०१ चा प्रवास आहे. मुले वडिलांकडे निघतात, मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कुणी आलेले नसते. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकायच्या अटीवर बैलगाडी मिळते. जेवण जवळ असते, पाणी मिळत नाही.

आम्ही धडा आधी समजावत नाही. मुलांना कागदावर रस्ता काढायला लावतो: कुठून निघाले, कुठे थांबले, कुठे पाणी मागितले. त्यासाठी वाचावेच लागते. अडले तर मराठीत विचारायचे, उत्तर मराठीत मिळते, कागदावर मात्र इंग्रजीत लिहायचे. मग प्रश्न येतो, वडील का आले नाहीत? उत्तर मजकुरातच आहे, नोकराने पत्र पोहोचवले नव्हते. यावर आमच्या वर्गात मोठे भांडण झाले. चूक नोकराची की जातीची? अर्धा तास मराठीत. शेवटी एरवी तोंड न उघडणारा सहावीतला मुलगा उभा राहून म्हणाला, "लेटर नॉट कम, ओके. बट व्हाय नो वॉटर?" व्याकरण चुकले. ते आम्ही दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्त केले, आणि तेव्हा भूतकाळाचे रूप सगळ्यांच्या लक्षात राहिले, कारण ते वाक्य त्यांचे होते.

काय वाचायला द्यायचे, हा प्रश्न म्हणून किरकोळ नाही. इंग्रजी साहित्य हा विषयच वसाहतीच्या गरजेतून आधी हिंदुस्थानात उभा राहिला, हे गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट'मध्ये दाखवले. आज त्याच विषयात आपली माणसे शिरली आहेत: अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेले 'पॉयझन्ड ब्रेड', बेबी कांबळे आणि ऊर्मिला पवार यांच्या आत्मकथनांचे माया पंडित यांनी केलेले अनुवाद, जेरी पिंटो यांनी इंग्रजीत नेलेले 'बलुतं'. आणि ज्यांना हे नको आहे तेही जागे आहेत. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाने इंग्रजी ऑनर्सच्या अभ्यासक्रमातून महाश्वेतादेवींची 'द्रौपदी' आणि बामा, सुकीर्थारानी यांचे लेखन काढून टाकले. मेकॉलेची मानसिकता घालवायची म्हणणाऱ्यांना त्या विभागातून नेमके काय घालवायचे होते, ते यावरून कळते.

आता राज्याचे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून रान उठले, २९ जूनला सरकारला निर्णय मागे घ्यावे लागले, डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. आम्हीही त्या विरोधात होतो. पण पहिलीपासून शिकवली जाणारी दुसरी भाषा मुलांना पंचवीस वर्षांत का आली नाही, हे विचारायला कुणी रस्त्यावर आले नाही. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. तो टिकला असता तर आमच्या वस्तीतल्या मुलांना चांगल्या इंग्रजी शाळेचे दार बंदच झाले असते. त्या लढ्यात आपल्या संघटना किती होत्या, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. आमच्या संघटनेने एक निवेदन दिले, एवढेच.

आणखी एक कबुली. जिल्हा परिषदेच्या शाळा वाचवा म्हणून भाषण करणाऱ्या आमच्यातल्या बहुतेकांची मुले इंग्रजी माध्यमात आहेत. आम्हाला यात लपवण्यासारखे काही वाटत नाही, पण मग सरकारी शाळेतल्या इंग्रजीच्या तासाची चौकशी करायला पालक म्हणून कुणी जात नाही. शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसे असतात. इंग्रजीचा शिक्षक आहे का, त्याचे शेवटचे प्रशिक्षण कधी झाले, मुले वर्गात बोलतात का, हे विचारायचा त्यांना अधिकार आहे. आमच्या नगरपरिषदेच्या शाळेत आम्ही हे विचारले तेव्हा मुख्याध्यापकांनी सांगितले, इंग्रजीचा तास गणिताचे सर घेतात. सर मनापासून शिकवतात. त्यांनी एका शनिवारी आमच्या वर्गाला येऊन मसूरचा धडा पाहिला आणि आता ते रेल्वेचे वेळापत्रक घेऊन शाळेत तसा एक तास घेऊन पाहणार आहेत.

विहार समितीने पुस्तकांसाठी एक कपाट दिले आहे. वर्ग सध्या आठवड्यातून तीन दिवस चालतो. शिकवणाऱ्यांपैकी दोघे नोकरीनिमित्त पुण्याला गेले, चौथा दिवस त्यामुळे बंद आहे. मुले दुसऱ्या प्रकरणाला लागली आहेत, बडोद्याच्या.