सिस्टर, जे दिसलं ते लिहून ठेवा

तुळिंजच्या चाळींतून, सोसायट्यांतून रोज कितीतरी सिस्टर आणि नर्सिंग ब्युरोच्या मावश्या ड्युटीला निघतात. कुणी रुग्णालयात, कुणी नालासोपाऱ्याहून लोकल धरून मुंबईला, कुणी शेजारच्याच घरात बारा तासांसाठी. हे तुमच्यासाठी.

म्हाताऱ्या माणसाची कूस तुम्ही बदलता, कपडे तुम्ही बदलता. त्यामुळे पाहुण्यांना दिसत नाही ते तुम्हाला दिसतं. कमरेखाली चिघळलेला बेडसोर. दंडावर बोटांचे वळ. प्रश्न आजींना विचारला की उत्तर मुलगा देतो, आणि आजी त्याच्या तोंडाकडे बघत राहतात.

लगेच कुणाला गुन्हेगार ठरवू नका. नीट काळजी घेऊनही बेडसोर होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या की साध्या धक्क्यानंही काळंनिळं पडतं. मुलाला औषधं आणायला पाठवा. मग आजींशेजारी बसून हळूच विचारा, ‘घरी जेवण वेळेवर मिळतं का? कुणाची भीती वाटते का?’

त्या बोलल्या तर त्यांचेच शब्द तारीख-वेळ घालून लिहा. ‘सून मारते’ हा तुमचा निष्कर्ष झाला. ‘डाव्या दंडावर चार वळ, रुग्ण म्हणते सुनेने धरून ढकलले’ ही नोंद झाली. कोर्टात नोंदच टिकते.

आता कायद्याचं. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर दडवणं हा गुन्हा आहे. ज्येष्ठांच्या छळाबाबत नर्सवर तसं थेट बंधन घालणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. पण म्हणून हात झटकू नका. मारहाणीची शंका असेल तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना लगेच सांगा. एमएलसी (मेडिको-लीगल केस) करून पोलिसांना कळवणं त्यांचं काम. त्यांच्यापर्यंत पोचवणं तुमचं.

घरी ड्युटी करणाऱ्यांनी हे खास ध्यानात ठेवा. असहाय रुग्णाला सांभाळण्याचा कायदेशीर करार करून मुद्दाम ते काम टाळलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 357 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्हीही होऊ शकतात. बदली मावशी आल्याशिवाय घर सोडू नका.

आजींनाही त्यांचा हक्क सांगा. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या कायद्यानं, स्वतःचं भागवता न येणाऱ्या आईवडिलांना मुलांकडून पोटगी मागता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. त्यांना स्वतः जमत नसेल, तर त्यांनी नेमलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. ज्येष्ठाला कायमचं टाकून देणं हाही याच कायद्यानं गुन्हा आहे.

सल्ल्यासाठी 14567 वर फोन करा, सकाळी 8 ते रात्री 8. जिवावर बेतलं असेल तर 112.

मुलाला मात्र ‘तक्रार करीन’ असं दरडावू नका. तुमची ड्युटी संपते. आजींना रात्र त्याच घरात काढायची असते. आणि जखमांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजिबात टाकू नका.