साठ हर्ट्झची आजी

‘‘ही आई नाहीच,’’ बाबा म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

माझ्या वीकेंडचा पार पचका! महिनाभर खटपट करून जुन्या सामानाच्या बाजारातून स्पूलवाला जपानी टेप डेक आणला होता. गरगरणारी सात इंची चाकं, मीटरच्या उजेडात नाचणाऱ्या सुया... एकदम कूल प्रकार. आणि हा सगळा खटाटोप माळ्यावर सापडलेल्या एका स्पूलसाठी. डब्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘दिवाळी १९७१, सौ.चं गाणं’. आजी पुढच्याच वर्षी गेली, तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते. तिचा आवाज घरात एवढाच उरलाय.

आणि स्पीकरमधून आलं काय? घोंगडीआडून रेकत गाणारा कुणी पेंगुळलेला बुवा! वर उजव्या बाजूनं अगम्य भाषेतली बडबड. मला वाटलं, संपलं. टेप गेली.

तर मंडळी, धडा पहिला. अशा वेळी ती लाडकी टेप पुन्हा पुन्हा लावू नका. बिघडलेलं मशीन टेप चावू शकतं. प्रयोगाला रद्दीतली टेप घ्या आणि एका वेळी एकच दुखणं हाताळा.

घोंगडीचा इलाज सगळ्यात स्वस्त. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड, गाइड आणि टेप ओढणारा कॅपस्टन पुसला. कापूस तपकिरी! हा टेपवरून सुटलेला ऑक्साइड. त्याचा थर हेडवर बसला, की सगळ्यात आधी ‘स’, ‘श’, झांजांची किणकिण असले बारीक आवाज मरतात. (रबरी रोलरला मात्र साबणाचं पाणीच लावा. अल्कोहोलनं रबर कडक होऊ शकतं.) उरलेला धूसरपणा अझिमथचा, म्हणजे हेडच्या तिरकेपणाचा. रेकॉर्डिंग झालं त्या मशीनचं हेड ज्या कोनात होतं, त्याच कोनात आपलं हवं. स्क्रूच्या मूळ जागेवर खूण केली, आजीची टेप लावली आणि ‘स’ स्वच्छ ऐकू येईपर्यंत तो केसाकेसानं फिरवला.

उजवीकडचं भूत तर निव्वळ गंमत निघाली. तेव्हाचा मोनो रेकॉर्डर टेपच्या अर्ध्या रुंदीत एक बाजू भरायचा आणि उरलेल्या अर्ध्यात दुसरी, उलट दिशेनं. माझा स्टीरिओ डेक दोन्ही एकदम वाचत होता. फक्त डावा चॅनल ठेवला. भूत गायब.

पण बुवा? तो जाईना. शेवटी रिपेअरवाल्या काकांना फोन लावला.

‘‘मागची पट्टी वाचलीस का?’’

वाचली. ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. डेक अमेरिकेहून आलेला.

‘‘पण काका, ट्रान्सफॉर्मर लावलाय मी!’’

‘‘ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो रे बाबा, हर्ट्झ नाही.’’

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. या डेकची मोटर त्या आकड्याच्या तालावर फिरते, म्हणजे ६० ऐवजी ५०. वेग सहापैकी पाचच हिस्से आणि सूर तीन पट्ट्या खाली. काळी चारमधली बाई थेट पांढरी चारमध्ये! रीतसर उपाय म्हणजे मोटरची पुली बदलणं. पण टेप कॉम्प्युटरवर उतरवायचीच होती. आहे त्या वेगानं एकदाच वाजवून उतरवली आणि सॉफ्टवेअरमध्ये वेग १.२ पट केला.

रविवारी बाबांना पुन्हा बसवलं. पेटीचा सूर, मागोमाग एक पातळ, किंचित लाजरा आवाज. बाबा काही बोलले नाहीत. या वेळी गॅलरीतही गेले नाहीत.

मग स्पूल उलटवून उतरवलेली दुसरी बाजू लावली, तीच भुताची. एक पोरगा पाढे म्हणत होता. एकोणतिसाच्या पाढ्यात ‘सत्ते’ला अडकला. लांबून तोच पातळ आवाज आला, ‘‘दोनशे तीन.’’

‘‘दोनशे तीन,’’ बाबाही म्हणाले, टेपमधल्या पोराच्या आधीच.