सोळा तासांचे अंदाजपत्रक

बपेरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे गाव. धानाच्या या पट्ट्यातील व्यापारी घरांचे जग पूर्वी तुमसर, गोंदिया, बालाघाट आणि फार तर नागपूर एवढेच असे. आज अशाच घरांतील लेकीसुना अमेरिकेत संसार करीत आहेत. दिवाळीसाठी किंवा लग्नकार्यासाठी माहेरी आलेली लेक परत निघते, तेव्हा तिच्या कडेवर दीड वर्षाचे मूल असते. मोटारीने नागपूर, तेथून विमानाने मुंबई आणि पुढे न्यूयॉर्कपर्यंत १५ ते १६ तासांचे थेट उड्डाण. रजा संपल्यामुळे जावई बहुधा आधीच परतलेले असतात. निरोपाच्या वेळी सर्वांचेच डोळे पाणावतात. परंतु लेकीच्या मनातील धास्ती निराळी असते. हे चंचल मूल एवढा वेळ एका जागी राहील कसे?

व्यापारी कुटुंबास या प्रश्नाचे उत्तर अपरिचित नाही. थोडे भांडवल दीर्घकाळ पुरवणे, हीच तर व्यापाराची विद्या. म्हणून प्रथम अंदाजपत्रक मांडावे. अमेरिकेकडे जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर निघतात. १६ तासांपैकी ६ ते ७ तास मूल तुटक का होईना, पण झोपेल असे धरावे. खाणेपिणे, लंगोट बदलणे, कपडे आवरणे यांत ३ तास सहज जातात. उरतात ६ ते ७ तास. प्रश्न सोळा तासांचा नसून सहा-सात तासांचा आहे, हे लक्षात आले की निम्मी भीती ओसरते.

या उरलेल्या तासांसाठी महागड्या खेळण्यांची आवश्यकता नाही. या वयाचे मूल एका वस्तूत पाच-दहा मिनिटांहून अधिक रमत नाही. त्याला हवी असते नवलाई. म्हणून दुकानात पुडी बांधतात तशा पंधरा-वीस लहान पुड्या बांधाव्यात. एकीत झाकणाची रिकामी डबी, दुसरीत जाड पानांचे चित्रांचे पुस्तक, तिसरीत काढून पुन्हा चिकटवता येणारी चित्रे, चौथीत एकात एक बसणारे पेले, पाचवीत रंगीत रुमाल. पुडी उलगडणे हाच मुलाचा अर्धा खेळ असतो. मात्र सुतळी वापरू नये, कागदाची घडी पुरेशी आहे. सुरक्षा तपासणीत पुडी उघडून दाखवावी लागली तरी अडचण येत नाही. मणी, नाणी, बटणाच्या आकाराचा सेल असलेली खेळणी आणि कर्कश आवाज करणारी खेळणी टाळावीत. सर्वात महत्त्वाचे म्हणजे सारा माल एकदम बाजारात आणू नये. एक पुडी काढण्यापूर्वी आधीची उचलून ठेवावी. चार तासांनंतर तीच डबी पुन्हा नवी वाटते. आसनपट्ट्याचा दिवा विझला की मुलाला दोन आसनांच्या रांगांमधून थोडे चालवून आणावे.

जेवणाची तजवीज आधीच हवी. जैन भोजनाची नोंद प्रवासापूर्वी किमान दोन दिवस करावी. लहान मुलांचे म्हणून जे भोजन विमानात मिळते, ते शाकाहारी असेलच असे नाही. ते वेगळे विचारून घ्यावे. मुलासाठी घरचा मऊ पराठा, खाकऱ्याचे तुकडे, राजगिऱ्याचा मऊ लाडू आणि केळे सोबत असावे. शेंगदाणे आणि फुटाणे या वयात देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका असतो. प्रवासापुरते बाळाचे दूध व अन्न यांना द्रवपदार्थांची १०० मिलीलिटरची मर्यादा सहसा लावली जात नाही. मात्र तपासणीच्या वेळी ते वेगळे काढून दाखवावे. उरलेली फळे उतरण्यापूर्वी संपवावीत, अमेरिकेत ती नेऊ देत नाहीत.

मूल अकस्मात किंचाळू लागते ते बहुधा विमान खाली येत असताना. प्रवासी कक्षातील हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका ठेवलेला असतो. विमान उतरू लागले की तो वाढतो आणि कानाच्या पडद्यावर ताण येतो. गिळण्याच्या क्रियेने हा ताण सुटतो. म्हणून त्या वेळी मुलाला जागे ठेवून दूध किंवा पाणी घोट घोट पाजावे. विमानातील हवा अतिशय कोरडी असते, त्यामुळे एरवीही पाणी वरचेवर द्यावे. झोप यावी म्हणून स्वतःच्या विचाराने औषध देणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे. सर्दीच्या काही औषधांनी मूल झोपण्याऐवजी अधिकच अस्वस्थ होते.

तिकिटाचाही विचार व्हावा. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसवून अल्प भाड्यात नेता येते. परंतु भिंतीला लावायचा पाळणा तान्ह्या बाळांसाठी असतो, दीड वर्षाचे मूल त्यात सहसा मावत नाही. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर स्वतंत्र आसन घ्यावेच लागते. त्याआधीही घरच्यांना शक्य असेल, तर भेटवस्तूंवरील खर्च कमी करून ते आसन घेऊन द्यावे. सोळा तासांच्या प्रवासात एकट्या आईला त्याहून उपयोगी भेट नाही.

मोबाइलचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचविल्याप्रमाणे एक वर्षाच्या मुलास पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये. हा नियम आदर्श खराच. तथापि बाराव्या तासाला, सारे उपाय थकल्यावर, आईने वीस मिनिटे चित्रफीत दाखवली, तर तो अपराध मानण्याचे कारण नाही. राखीव निधी असतोच अडचणीसाठी. तो पहिल्याच तासाला मोडू नये, एवढेच.

आणि इतके करूनही मूल रडले तर? रडू द्यावे. रडणे हा मुलाच्या संगोपनावरील शेरा नव्हे. शेजारच्या प्रवाशाने कपाळाला आठ्या घातल्या तरी आईने कानकोंडे होऊ नये. आपणच शेजारचे प्रवासी असलो, तर मूल पाच मिनिटे सांभाळण्याची तयारी दाखवावी. त्या माउलीला हातपाय धुण्याइतकी उसंत मिळेल.

पुड्या बांधण्याचे काम मात्र लेकीवर सोपवू नये. ते आजी-आजोबांचे आहे. एका पुडीत आजीच्या जुन्या, मऊ लुगड्याचा तुकडा अवश्य असावा. पुढची भेट दोन-तीन वर्षांनी होणार असते आणि तोवर आजी मुलाला फोनच्या पडद्यावरच दिसणार असते. अंधारलेल्या विमानात ओळखीचा वास असलेला तो तुकडा गालाशी धरून मूल झोपी गेले, तर आजीचे ते देणे वाया गेले असे कोण म्हणेल?