विश्लेषण : उन्हाळी शिबिराचे प्रमाणपत्र कॉलेज प्रवेशाला किती उपयोगी?

परीक्षा संपल्या की कोडिंग, रोबोटिक्स, व्यक्तिमत्त्व विकास अशा शिबिरांच्या जाहिराती पालकांच्या मोबाइलवर येऊ लागतात. ‘पुढे कॉलेज प्रवेशाला उपयोग होईल’ हे त्यातले नेहमीचे आमिष. पालघर तालुक्यातील दातिवऱ्यासारख्या किनारी गावातून अशा वर्गासाठी सफाळे, पालघर किंवा बोईसर गाठायचे, तर शुल्कावर रोजचा प्रवासखर्चही आला. त्यामुळे या प्रमाणपत्राचे खरे वजन पैसे भरण्याआधीच तपासलेले बरे.

राज्यात प्रवेश कशावर ठरतो?

अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. २०२५-२६ पासून त्याची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली. राज्यातील इंजिनीअरिंगसाठी प्रामुख्याने एमएचटी-सीईटी, वैद्यकीयसाठी नीट आणि आयआयटीसाठी जेईई अॅडव्हान्स्ड पाहिली जाते. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या बहुतेक जागा बारावीच्या गुणांवर भरतात. यांपैकी कुठल्याही गुणवत्ता यादीत खासगी उन्हाळी शिबिराचा रकाना नाही.

मग गुण कशाला मिळतात?

दहावीला चित्रकलेच्या शासकीय इंटरमिजिएट परीक्षेतील ‘अ’ श्रेणीसाठी ७, ‘ब’साठी ५ आणि ‘क’साठी ३ वाढीव गुण आहेत. मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धांतील कामगिरीलाही सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी शाळेने वेळेत प्रस्ताव पाठवावा लागतो. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी बीटेकच्या प्रत्येक शाखेत दोन अधिसंख्य जागा ठेवल्या, पण तिथेही जेईई अॅडव्हान्स्डची पात्रता सुटत नाही. थोडक्यात, मोजले जाते ते शासनमान्य परीक्षा किंवा स्पर्धेतील यश. शिबिराला लावलेली हजेरी मोजली जात नाही.

प्रवेशानंतर चित्र बदलते का?

बदलते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि सहअभ्यासक्रम यांना श्रेयांक आहेत. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळवणाऱ्या पदवीधराला लष्करातील एनसीसी विशेष भरतीत लेखी परीक्षेची गरज राहत नाही. थेट मुलाखतीच्या टप्प्यावर स्पर्धा असते. म्हणजे उपक्रमांचा काळ खऱ्या अर्थाने कॉलेजात गेल्यावर सुरू होतो.

परदेशात काय पाहतात?

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे गुणांबरोबर विद्यार्थी वर्गाबाहेर काय करतो हेही पाहतात. तिथल्या ‘कॉमन अॅप’ या सामायिक अर्जात जास्तीत जास्त १० उपक्रम नोंदवता येतात. त्या यादीत पगारी काम आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या हे स्वतंत्र प्रकार आहेत. धाकट्या भावंडांना सांभाळणे किंवा घरच्या व्यवसायाला हातभार लावणे तिथे लपवण्याची बाब नाही. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातील एका प्रकल्पाने २०१६च्या अहवालात हीच भूमिका मांडली होती : घरासाठी केलेल्या कामाला प्रवेशात मान मिळावा.

दातिवऱ्यातील मुलांनी काय करावे?

पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद होते. त्याआधीच्या एप्रिल-मेमध्ये बोंबील, जवळा सुकवून पावसाळ्याची बेगमी करायची असते आणि मुलेही हाताशी असतात. हे काम महाराष्ट्रातील गुणवत्ता यादीत एक गुणही वाढवत नाही. पण त्यातून शिकता येण्याजोगे बरेच आहे. ओला माल किती, सुकल्यावर उरला किती, भाव काय मिळाला, ढगाळ हवेत नुकसान किती, याची रोजची वही ठेवली तर पुढे कॉलेजच्या क्षेत्रीय प्रकल्पाला, परदेशी अर्जाला किंवा मुलाखतीत सांगायला स्वतःची माहिती तयार राहते. खर्च एका वहीचा. एक मर्यादा मात्र पाळायलाच हवी : १८ वर्षांखालील मुलांना कारखान्यांतील धोकादायक कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. ‘अनुभव मिळेल’ म्हणून तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायनांच्या कामाला मुलांना धाडणे हा सुट्टीतला उपक्रम होऊ शकत नाही.

व्यवस्थेने काय करावे?

शिबिरांना प्रवेशात गुण नाहीत, हे योग्यच आहे. ते दिले तर ज्याच्या खिशात पैसे त्याच्याच पदरात गुण पडतील. मात्र श्रेयांक देताना कॉलेजांनी शहरातील कंपनीच्या कागदाला एक माप आणि किनाऱ्यावरच्या कामाला दुसरे माप लावू नये. मासळी सोसायटी, वाडी, ग्रामपंचायत इथले प्रशिक्षणही नोंद आणि तपासणी करून ग्राह्य धरता येईल. तोवर पालकांनी शिबिरवाल्याला एकच प्रश्न विचारावा : हे प्रमाणपत्र कोणत्या प्रवेश नियमात मोजले जाते? उत्तरात नियम दाखवता आला नाही, तर मुलाला आवड असेल तरच पैसे भरावेत. प्रवेशासाठी म्हणून नव्हे.