इंग्रजी जन्मानं येते का?

दक्षिण कोरियात परदेशी माणसाला इंग्रजी शिकवायचं तर ई-2 व्हिसा लागतो. तो सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. पदवी कुठल्याही विषयाची चालते. 2010मध्ये भारत-कोरिया करार लागू झाला आणि आपल्यासाठीही दार किलकिलं झालं. पण आपल्याकडून इंग्रजीची पदवी हवी, वर शिक्षकाचा परवानाही. म्हणजे त्यांना पासपोर्ट पुरतो, आपण पुरावे द्यायचे!

मी मराठी माध्यमातली. क्रियापद वाक्याच्या मध्ये आणायचं, 'ए' कुठे, 'द' कुठे, हे सगळं घोकून शिकले. कोरियन मुलं नेमकी इथेच अडखळतात, कारण त्यांच्याही भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि 'ए-द'ची भानगड नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण ज्याला ठेचच लागली नाही, तो मागच्याला काय सांगणार?

नव्या देशात रुजायचं तर तिथली भाषा शिका, असं स्थलांतरितांना सगळे बजावतात. मग भाषा शिकून दाखवलेल्या माणसाला ती शिकवू का देत नाही? परीक्षा घ्या, वर्गात उभं करून बघा. जन्मगाव कसलं विचारता?